दिवेलागणीची सोबत

आमच्या आजीचं एक ठाम मत होतं. "सोऱ्याची भूक दिवेलागणीक लागता," असं ती म्हणायची. सोरो म्हणजे दारू. सकाळी माणूस कितीही शहाणपणाचं बोलला, दुपारी पोरांच्या डोक्यावर हात ठेवून कितीही शपथा घेतल्या, तरी दिवे लागायच्या वेळेला तो कुठं आणि कुणाबरोबर बसलाय ते बघायचं आणि मगच त्याच्यावर विश्वास ठेवायचा, असा तिचा हिशेब होता.

हे तिला कुणा डॉक्टरनं सांगितलं नव्हतं. लालबागच्या चाळीत तिनं कितीतरी वर्षं खानावळ चालवली, तिथं तिनं ते पाहिलं होतं. खोली दहा बाय बाराची, मोरी आत, संडास गॅलरीच्या टोकाला. जेवायला मात्र पंधरा-वीस माणसं. सगळे गिरणीतले, बहुतेक आमच्या कणकवली-देवगडकडचे, बायकापोरं गावी ठेवून आलेले. पाळीप्रमाणे पंगत बसायची. तांदळाची भाकरी, सुक्या जवळ्याची चटणी, तिरफळं घातलेली बांगड्याची आमटी, सोमवारी काळ्या वाटाण्याचं सांबारं. वाढताना आजी ताटाकडे कमी आणि माणसाकडे जास्त बघायची. कोण भात परत मागत नाही, कुणाचा हात पाण्याचा पेला उचलताना थरथरतो, जेवायला बसण्याआधी कोण उगाच दोनदा चूळ भरून येतो, हे तिच्या नजरेतून सुटायचं नाही. पिऊन आलेल्याला तिनं कधी उपाशी पाठवलं नाही. बाटली मात्र उंबऱ्याच्या आत येऊ दिली नाही. "जेवन जा रे झिला," एवढंच म्हणायची, आणि त्या माणसाची मान खाली जायची.

तिच्या ऐन उमेदीची वर्षं दारूबंदीत गेली. मुंबई राज्यानं 1949 साली बंदीचा कायदा केला आणि पुढच्या वर्षी तो पुरता लागू झाला. त्या काळच्या गोष्टी सांगताना मोरारजी देसाईंचं नाव ती कधी आदरानं घ्यायची, कधी वैतागून. बंदी आली तशी चाळींच्या मागच्या गल्ल्यांत अड्डे निघाले. गूळ-नवसागराची हातभट्टी, मोटारीच्या ट्यूबमध्ये भरून आणलेला माल, पोलीस आले की पोरांची शिट्टी. पोटाला ट्यूब बांधून, गरोदर असल्याचा आव आणून पोलिसांसमोरून सावकाश चालत जाणारी एक बाई तिच्या गोष्टींत हमखास यायची. ती बाई आजीनं स्वतः पाहिली होती की नळावरच्या बायकांकडून ऐकली होती, ते मला आता सांगता येणार नाही, कारण दर वेळी ती बाई वेगळ्या चाळीत राहायची.

कायदा चांगल्या मनानं केलाय, असं आजी मानायची. पण पहिल्या पाळीचा माणूस साडेतीनला गिरणीच्या दारातून बाहेर पडतो, घर शे-दीडशे कोसांवर, खोलीत वीसजणांच्या वळकट्या. झोपेपर्यंतचे ते सहा-सात तास त्यानं काय करायचं, याची सोय कुठल्याच कायद्यात नव्हती. ती सोय लोकांनी आपली आपण केली होती. गावकीच्या खोल्या होत्या, तालमी होत्या, नाटकाच्या तालमी होत्या आणि भजन होतं. आमचे आप्पा, म्हणजे माझ्या वडिलांचे मोठे भाऊ, भजनात पखवाज वाजवायचे. डबलबारीचा सामना असला की लालबाग-परळमधली माणसं रात्रभर बसून ऐकायची. दोन बुवा समोरासमोर, एकानं टाकलेला सवाल दुसऱ्यानं उचलायचा, आणि पहाटेपर्यंत कुणी हलायचं नाही. आप्पांचा हात चांगला होता, असं सगळे म्हणतात. मी ऐकला तोपर्यंत त्या हाताला कंप आला होता.

आप्पा साचेखात्यात होते. चार साचे एकट्यानं सांभाळायचे आणि त्या खडखडाटात आयुष्य गेल्यामुळे घरातही मोठ्यानं बोलायचे. त्यांनी प्यायला कधी सुरुवात केली, यावर घरात एकमत नव्हतं. वडील म्हणायचे, बोनसच्या रात्री मित्रांबरोबर. आजी म्हणायची, गावी राखण द्यायला गेला तेव्हा. आमच्याकडे राखणदाराला वर्षातून एकदा कोंबडा, रोट आणि त्याबरोबर दारू द्यायची रीत आहे. त्यातली उरलेली आप्पांनी घेतली आणि तिथून धरलं, असं आजीला वाटायचं. आईच्या मनाला कुठलं तरी एक ठिकाण लागतं, जिथं बोट ठेवून म्हणता येईल की इथं माझा मुलगा हातचा गेला.

मग उपाय सुरू झाले. गावच्या देवळात कौल लावला. देवापुढं गाऱ्हाणं घातलं. ज्यांनी ते ऐकलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. गावकरी देवळात उभे राहतात, गावकर मोठ्या आवाजात देवाला एकेक अडचण सांगतो आणि प्रत्येक वाक्याला जमलेली माणसं "व्हय म्हाराजा" म्हणतात. आप्पांची दारू सुटू दे, यावर सगळ्या गावानं "व्हय म्हाराजा" म्हटलं. आप्पांनी त्या वर्षी चार-पाच महिने खरोखर पाळलं, असं त्यांची बायको, म्हणजे काकू, सांगायची.

पुढं एका एकादशीला त्यांच्या गळ्यात तुळशीची माळ घातली. माळेवर आजीची फार श्रद्धा होती. त्याला कारण होतं. आजोबांचे थोरले भाऊ असेच पिणारे होते, त्यांनी माळ घेतली आणि मरेपर्यंत शिवलं नाही. शिवाय आजीनं गाडगेबाबांचं कीर्तन ऐकलं होतं. परळला की माटुंग्याला, ते ठिकाण तिच्या सांगण्यात बदलायचं, पण कीर्तन बदलायचं नाही. बाबा लोकांना प्रश्न विचारायचे आणि लोकांकडूनच उत्तर वदवून घ्यायचे. दारूचं नाव घेताना त्यांचा आवाज चढायचा, आणि का चढू नये? त्यांचे वडील झिंगराजी दारूपायी गेले होते. घरदार उधळलं गेलं, आई पोराला घेऊन माहेरी आली आणि पोर मामाच्या घरी गुरं राखत वाढलं. पुढं स्वतःच्या मुलीच्या बारशाला त्यांनी रीतीची दारू आणि मटण बंद करून भाऊबंदांना गोडाधोडाचं जेवण घातलं. ही गोष्ट आजी स्वतः त्या पंगतीत जेवून आल्याच्या तोऱ्यात सांगायची.

आप्पांची माळ मात्र टिकली नाही. शिमग्याला गावी गेले, माळ काढून देवळीत ठेवली आणि खाली उतरले. आजी पुष्कळ दिवस विचार करत होती की एकाच कुळातल्या दोघांना एकच माळ, मग एकाला लाभली आणि एकाला का नाही? मग तिलाच आठवलं. थोरले आजोबा रोज संध्याकाळी हरिपाठाला जायचे. ठरलेली माणसं, ठरलेलं देऊळ. एक दिवस दिसले नाहीत तर कुणीतरी घरी हाक मारायला यायचं. आप्पांच्या गळ्यात माळ होती, पण संध्याकाळी त्यांना हाक मारायला येणारं कुणी नव्हतं. भजनाची मंडळी तोवर पांगली होती.

या सगळ्यात काकू कुठं होती, हे सांगितल्याशिवाय पुढं जाऊ नये. आम्हा मुलांना तिच्या दंडावरचे वळ दिसायचे. चाळीला आवाज ऐकू यायचे. कुणी काही बोलायचं नाही, कारण तशी पद्धत होती आणि ती वाईट पद्धत होती. तिचं मंगळसूत्र पेढीवर गेलं, मग पितळेचा हंडा गेला. 1975 साली प्रेमा पुरव यांनी गिरणगावातल्या खानावळवाल्या बायकांसाठी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं आणि सावकाराऐवजी बँकेचं कर्ज या बायकांना मिळायला लागलं. काकूनं त्यातून पैसे उचलले, दोन मोठी पातेली घेतली आणि आजीची खानावळ स्वतःच्या हिमतीवर वाढवली. घर तिच्या भाकऱ्यांवर चाललं. आप्पांचा पगार अर्ध्या वाटेवर संपायचा.

मग 18 जानेवारी 1982 आली. डॉ. दत्ता सामंतांच्या हाकेवर मुंबईतले सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. आप्पाही गेले. पहिले महिने सभा, मोर्चे, गावाकडून आलेले तांदूळ, एकमेकांच्या घरची चूल सांभाळणं असं चाललं. नंतर नंतर मोर्चे विरळ झाले. गिरणीचा भोंगा माणसाच्या दिवसाला कड घालायचा, तीच कड गेली. दुपार आणि संध्याकाळ यातला फरक संपला. आजीच्या खानावळीत माणसं कमी झाली. कितीजण गावी परतले, कितीजण हातगाडी लावून उभे राहिले, आणि कितीजण आप्पांच्या वाटेनं गेले याची गणती कुणी केली असेल असं मला वाटत नाही. आजीच्या खानावळीच्या वहीत फक्त नावांवर रेघा आहेत.

एका पावसाळ्यात आप्पा आजारी पडले. पैसे नव्हते म्हणून दारू एकाएकी थांबली होती. दुसऱ्या-तिसऱ्या रात्री ते घामानं भिजले, हातपाय थरथरायला लागले, भिंतीवर मुंग्या चढताहेत म्हणून ते टॉवेलनं भिंत झटकायला लागले. एकही मुंगी नव्हती. आजीला बाहेरचं वाटलं, तिनं मीठ-मोहरी उतरवली. शेजारचा पोरगा शहाणा, तो टॅक्सी घेऊन आला म्हणून आप्पा वाचले. डॉक्टरांनी सांगितलं ते आजही प्रत्येक घरानं ऐकायला हवं. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्या माणसाची दारू घरच्या घरी एकदम तोडायची नसते. झटके येतात, भास होतात, जीव जाऊ शकतो. ते पहिले दिवस डॉक्टरांच्या नजरेखाली, औषधांच्या आधारानं काढायचे असतात. हा आजार आहे, असं डॉक्टर म्हणाले. अमेरिकेतल्या वैद्यकीय संघटनेनं 1956 सालीच तसं जाहीर केलं होतं, पण आमच्या चाळीपर्यंत ते पोचायला तीस वर्षं लागली. तोवर आम्ही त्याला नाद म्हणायचो, पाप म्हणायचो, नशीब म्हणायचो.

दवाखान्यातून घरी आल्यावर एक गृहस्थ आप्पांना भेटायला आले. पूर्वी त्याच गिरणीत दुसऱ्या खात्यात होते. आजीनं त्यांना ओळखलं, कारण खूप वर्षांपूर्वी ते तिच्या पंगतीला मान खाली घालून जेवले होते. आता इस्त्रीचा सदरा, दाढी केलेली. त्यांनी उपदेश केला नाही. चहा घेत स्वतःचीच गोष्ट सांगितली, बायको कशी माहेरी गेली, कुठल्या फुटपाथवर सकाळी जाग यायची. जाताना म्हणाले, "उद्या सातला मी खाली येतो. नुसतं बसायचं. बोलायचं नाही."

दुसऱ्या दिवशी ते खरंच आले. आप्पांना हाक मारायला संध्याकाळी कुणीतरी आलं होतं.

ते दोघे चर्चच्या आवारातल्या एका हॉलमध्ये गेले. आप्पा कुठं जाऊन आले हे कळल्यावर आजी हबकली. "ह्यो आता किरिस्तांव होतलो काय?" असं तिनं रात्रभरात चारदा विचारलं. आप्पांनी समजावलं की हॉल फक्त भाड्यानं घेतलाय, तिथं धर्माचं काही नाही, पुढच्या आठवड्यात पालिकेच्या शाळेतल्या वर्गात आहे. आजीची समजूत पटली नाही, पण आप्पा रात्री शुद्धीत घरी आले होते, तेवढ्यावर ती गप्प बसली.

तो अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसचा, म्हणजे एएचा ग्रुप होता. पुढं आप्पा आम्हा मुलांना त्याची जन्मकथा सांगायचे, अगदी कथेकऱ्याच्या थाटात मांडी घालून. अमेरिकेत बिल विल्सन नावाचा एक शेअर दलाल होता, दारूनं धुळीला मिळालेला. कशीबशी सोडली होती. 1935 सालच्या मे महिन्यात तो ॲक्रन नावाच्या परगावी गेला, ज्या कामासाठी गेला ते फसलं, खिसा रिकामा, संध्याकाळची वेळ. हॉटेलच्या एका अंगाला बार, आतून हसण्याचे आवाज. दुसऱ्या अंगाला टेलिफोन. इथं आप्पा थांबायचे आणि आमच्याकडे बघायचे. विल्सन टेलिफोनकडे गेला. त्यानं चर्चच्या यादीतले नंबर फिरवले आणि विचारलं, या गावात माझ्यासारखा कुणी दारुडा आहे का, मला त्याच्याशी बोलायचंय. अशा रीतीनं तो डॉक्टर बॉब स्मिथ या सर्जनपर्यंत पोचला. डॉक्टर म्हणाले, पंधरा मिनिटं देतो. दोघे सहा तासांवर बोलत बसले. डॉक्टरांनी शेवटचा घोट घेतला तो 10 जून 1935, आणि तोच एएचा जन्मदिवस धरतात.

आप्पांना त्यातलं सगळ्यांत काय भावलं होतं? विल्सननं त्याआधी कितीतरी दारुड्यांना सुधारायचा खटाटोप केला होता आणि एकही सुधारला नव्हता. पण त्यांच्याशी बोलता बोलता तो स्वतः मात्र कोरडा राहिला होता. त्या संध्याकाळी डॉक्टरला त्याची गरज होती, तशी त्यालाही डॉक्टरची होती. "मी दुसऱ्याला भेटायला जातो तो माझ्यासाठी जातो," असं आप्पा म्हणायचे. ही मंडळी मुंबईत पहिल्यांदा जमली ती 1957 साली. म्हणजे आजी हातभट्टीच्या गोष्टी बघत होती त्याच काळात, त्याच शहरात, कुठल्याशा खोलीत थोडीशी माणसं बसून एकमेकांना सांभाळत होती. आज देशभराच्या कामाचं त्यांचं कार्यालय भायखळ्याला आहे, आमच्या लालबागपासून चालत जाण्याच्या अंतरावर.

आप्पा तिथं काय करतात, हे बघायला आजी एकदा गेलीच. काही मीटिंगा फक्त पिणाऱ्यांसाठी असतात, त्यांना क्लोज्ड म्हणतात. काही ओपन असतात, तिथं घरचे, शेजारी, कुणीही बसू शकतात. आजीबरोबर काकू आणि मी होते. शाळेतला वर्ग, लहान मुलांच्या बाकांवर दाटीवाटीनं बसलेली मोठी माणसं. टेबलावर एक पुस्तक, भिंतीला लावलेला बारा पायऱ्यांचा तक्ता. एकेकानं उठायचं, फक्त पहिलं नाव सांगायचं, मी दारुडा आहे असं म्हणायचं आणि स्वतःबद्दल बोलायचं. मधे कुणी तोडत नाही, सल्ला देत नाही, प्रश्न विचारत नाही. बोलणं संपलं की सगळे एका सुरात त्याचे आभार मानतात. शेवटी उभं राहून प्रार्थना, आणि एक पिशवी फिरते, तिच्यात ज्याला जमेल त्यानं टाकायचं. फी नाही, देणगी बाहेरच्या कुणाची घेत नाहीत, हजेरीपट नाही. आत यायला एकच अट, दारू सोडायची इच्छा पाहिजे.

तिथं मी जे ऐकलं ते इथं लिहिणार नाही. त्या खोलीत ऐकलेलं त्या खोलीतच ठेवायचं, हा त्यांचा नेम आहे आणि त्याच्या भरवशावरच माणसं तोंड उघडतात. आप्पांचं तेवढं लिहिते, कारण ते म्हणाले होते की माझ्यामागं सांगितलंस तरी चालेल, कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

परतताना आजी बराच वेळ बोलली नाही. गणेश टॉकीजपाशी आल्यावर म्हणाली, "ह्यां तर गाऱ्हाणांच!" एक उभा राहून आपली अडचण सांगतो आणि बाकीचे हुंकार भरतात, तिला ते ओळखीचं वाटलं. फरक तिनंच काढला. गावच्या देवळात आप्पांच्या वतीनं गावकर बोलला होता. इथं आप्पांना स्वतःच्या तोंडानं बोलावं लागत होतं, आणि दर संध्याकाळी.

त्या मंडळींत सांगितलं जातं की जन्मभराची शपथ घेऊ नकोस, फक्त आजचा दिवस पहिला पेग टाळ. नव्याला सुरुवातीला शक्य तर रोज यायला सांगतात, नव्वद दिवसांत नव्वद मीटिंगा. एखादा जुना माणूस स्पॉन्सर म्हणून त्याला धरून राहतो, रात्री-अपरात्री फोन करायची मुभा असते. आमच्या चाळीत फोन फक्त खालच्या वाण्याकडे होता. वाण्याला कारण ठाऊक होतं, तो आप्पांकडून फोनचे पैसे घ्यायचा नाही. पुढं पायऱ्या चढता चढता आप्पांनी ज्यांना ज्यांना दुखावलं त्यांची यादी केली आणि एकेकाची भरपाई करायला निघाले, तेव्हा पहिलं नाव त्या वाण्याच्या जुन्या उधारीचं होतं. काकूपुढं ते माफी मागायला बसले तेव्हा ती म्हणाली, "माफी राहू दे, संध्याकाळी घरी या." तिचा विश्वास बसायला पुष्कळ वर्षं लागली आणि ती घाई तिला कुणी करू नये, असं मला तेव्हाही वाटायचं. तिच्यासाठीही एक खोली होती. पिणाऱ्यांच्या घरच्यांचे अल-ॲनॉनचे गट असतात, 1951 साली विल्सनच्या बायकोनं, लोईसनं पुढाकार घेऊन सुरू केलेले. काकू तिथं पहिल्यांदा दुसऱ्या कुणाच्या तोंडून स्वतःची गोष्ट ऐकून आली आणि त्या रात्री बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवली.

आप्पा एकदा घसरले. मे महिन्यात गावी लग्न होतं, आग्रह झाला. मुंबईला परतल्यावर दोन आठवडे ते तोंड दाखवायला तयार नव्हते. इस्त्रीचा सदरा पुन्हा जिन्याखाली उभा राहिला. कुणी विचारलं नाही किती घेतलीस, का घेतलीस. आलास ना, बस, एवढंच. त्यानंतर मात्र ते जाईपर्यंत, तब्बल वीसएक वर्षं, त्यांनी शिवली नाही. दर वर्षी त्या दिवसाला ग्रुपमध्ये वाढदिवस व्हायचा. पहिल्या वाढदिवसाला आजीनं पहाटे उठून शिरवाळे केले आणि गूळ घातलेला नारळाचा रस काढला. ग्रुपमधल्या मित्रांना घरी बोलावून पंगत बसवली. त्यांच्यात आंध्राचे होते, वसईचे होते, एक मोठ्या बँकेतले साहेब होते. सगळ्यांनी आजीच्या हातचं दोनदा मागून खाल्लं. मला त्या दिवशीचा आजीचा चेहरा आठवतो, ती ताटांकडे बघत होती.

आजीनं आप्पांना एकदा विचारलं होतं की तुम्ही इतके जण आहात, तर जाऊन अड्डे का बंद करत नाही? आप्पा म्हणाले, आमचा ग्रुप त्या वादात पडत नाही, दुकान असो नसो, आम्ही आमच्यापुरतं बघतो. आजीला ते अपुरं वाटायचं आणि तिचंही खरं होतं. ते दुसरं काम या महाराष्ट्रात बायकांनी केलं आहे. 1972 च्या सुमारास शहाद्याकडच्या आदिवासी बायकांनी गुत्त्यांत घुसून मडकी फोडली. गडचिरोलीच्या लोकांनी लढून 1993 साली जिल्ह्यात दारूबंदी मिळवली. गावोगाव बायका रांगा लावून आडव्या बाटलीला मत देऊन दुकानं बंद करतात. बाटली आडवी करणं हे काम आहेच. पण ती आडवी झाल्यावर ज्याच्या हाताला अजून कंप आहे त्याला घेऊन बसणं, हेही काम आहे, आणि एकाचं श्रेय दुसऱ्याला देऊन चालत नाही.

आपल्या भाषेत या दुसऱ्या कामाला घर मिळालं ते पुण्याच्या मुक्तांगणमुळे. गर्दच्या, म्हणजे ब्राउन शुगरच्या व्यसनावर अनिल अवचटांनी लेख लिहिले, ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी मदत देऊ केली, आणि 1986 साली डॉ. अनिता अवचटांनी ते केंद्र उभं केलं. आमच्या खानावळीतल्या एका जुन्या माणसाचा मुलगा तिथं राहून बरा झाला. उपचार संपल्यावर त्याला नुसतं घरी सोडलं नाही, पुढच्या भेटी बांधून दिल्या. त्याची बायको तिथल्या सहचरी गटात जायची. ती काकूला भेटली तेव्हा दोघी तासभर बोलत बसल्या, आणि एकीच्या घरात काय घडलं ते दुसरीला समजावून सांगावं लागलं नाही.

आता गिरण्यांच्या जागी टॉवर आले. आमची माणसं डोंबिवली, बदलापूर, विरारला पांगली. गावकीची खोली नाही, गॅलरी नाही, पिणारा बंद दाराआड एकटा पितो आणि शेजाऱ्याला पत्ता नसतो. आमच्याच घरातल्या पुढच्या पिढीतल्या एकाला हे दुखणं लागलं तेव्हा मला आप्पांची आठवण आली आणि मी शोधायला लागले. शोधणं आता सोपं आहे, तेवढं सांगते. आधी डॉक्टर. पालिकेच्या आणि सरकारी मोठ्या रुग्णालयांत मानसोपचार विभाग असतो, तिथं लाज न बाळगता जावं. 14446 हा व्यसनमुक्तीसाठी केंद्र सरकारचा मोफत फोन आहे. एएचे फोन नंबर उघड असतात, फोन उचलणारा बहुधा स्वतः त्यातून गेलेला असतो. त्याला दोनच गोष्टी विचाराव्यात, जवळचा ग्रुप कुठं भरतो आणि तिथं कुठल्या भाषेत बोलतात. भाषा महत्त्वाची. आमचा मुलगा आधी गेला तिथं बहुतेक इंग्रजी बोलत होते, तो मुका बसून परत आला. मग स्टेशनच्या पलीकडं, शाळेतल्या वर्गात भरणारा मराठी ग्रुप सापडला आणि तिसऱ्या-चौथ्या खेपेला तो बोलला. एक ग्रुप जमला नाही तर दुसरा बघावा. करोनाच्या दिवसांपासून मोबाइलवरही मीटिंगा भरतात, दूरच्या गावच्या माणसाला त्यांचा आधार आहे. बायकांनीही जावं. पिणाऱ्या बाईला आपलं जग दुप्पट लपायला लावतं, म्हणून तिला त्या खोलीची दुप्पट गरज आहे. आणि घरच्यांनी स्वतःसाठीही एक खोली शोधावी, माणूस सुटो वा न सुटो.

एवढं करूनही सगळे सुटतात असं नाही. आजीच्या वहीतल्या कितीतरी नावांना हाक मारायला कुणी गेलं नाही, आणि काहींना हाक मारूनही ते आले नाहीत. पण माझ्या पाहण्यात जे सुटले त्यांतला एकही एकट्यानं सुटला नाही. तुमच्या घरात, मजल्यावर, ऑफिसात असं कुणी असेल तर त्याला शपथ घालू नका, नुसता पत्ताही हातात देऊ नका. पहिल्या दिवशी ओपन मीटिंग कधी आहे ते विचारून ठेवा, संध्याकाळी सातला त्याच्या दारात उभे राहा आणि त्याच्याबरोबर आत जाऊन बसा.